पाचवा दगड

१

खोक्याची दोरी सुटली, झाकण निघालं, पिवळं फडकं उलगडलं आणि आतून दगड निघाला.

तळहाताएवढा, गुळगुळीत, करडा. बागेत पागोळ्यांखाली पसरलेले असतात, त्यांतलाच एक. हात्सुएबाईंनी तो दोन्ही हातांनी, वाडगा उचलावा तसा अदबीनं उचलला होता. हातांची सवयच तशी. आपण एका दगडाला मान देतो आहोत हे त्यांच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला.

"हा काय चेष्टेचा प्रकार?" बाई म्हणाल्या.

बाईंचा आवाज कधी चढत नसे, खाली जात असे. तो जितका खाली जाई, तितकी समोरची माणसं भिंतीला चिकटत.

फुमिए पांढऱ्या फडक्यांची घडी घेऊन दारात उभी होती. तीस वर्षं ती कान्सुई-आनच्या मागच्या खोलीचं काम बघत होती. पाणी, भांडी, कोळसा, फडकी आणि पुढे बसलेल्यांना कधी ऐकू जाऊ नये अशी धावपळ. काय करता, असं मात्सुए गावात कुणी विचारलंच, तर ती म्हणे, "मी कान्सुई-आनला असते." तिला पुढे काही सांगावं लागत नसे. तीनशे वर्षांचं चहाघर होतं ते, आणि तळ्याकडे उतरत गेलेली बाग.

वर्षातून एकदा, चहाघरातली हिवाळ्याची चूल पहिल्यांदा पेटवायच्या दिवशी, 'शिगुरे' नावाचा चहाचा वाडगा बाहेर येई. करड्या अंगावर तिरकस पावसासारखे ओघळ, म्हणून पावसाच्या सरीचं ते नाव. आज तो शेवटचा यायचा होता. बारा वाजता सात पाहुणे येणार होते. त्यांतले काकेही-सान वस्तुसंग्रहालयाचे. चार वाजता ते वाडगा घेऊन जाणार, कायमचा, काचेच्या पेटीत. बाईंनीच तसं ठरवलं होतं, आणि कारणही चारचौघांत सांगून टाकलं होतं. "मी पंच्याहत्तरची झाले. आणि रित्सुकोच्या हातांचा भरवसा नाही."

रित्सुको ही बाईंची भाची, चौतिशीची. आज पहिल्यांदाच यजमान म्हणून चहा करणार होती. ती आत्याच्या शेजारी गुडघे मुडपून बसली होती. तोंडावर रंग नव्हता.

"आठ वाजता होता," मोचिझुकी-सान म्हणाले. ते जुन्या वस्तूंचे व्यापारी, बाईंच्या नवऱ्याच्या काळापासून घरातलेच. "मी पाहिला. तुम्ही स्वतः बांधलात, बाई. आता पावणेदहा. फाटकाला आतून कुलूप आहे, म्हणजे वाडगा बाहेर गेलेला नाही. खोका मागच्या खोलीत होता. मधल्या वेळात तिथे कोण आलं होतं?"

सगळ्यांनी फुमिएकडे पाहिलं. मागची खोली तिची.

"साडेआठला गेन्झो-सान आले होते," ती म्हणाली. "बादली न्यायला."

शब्द बाहेर पडले आणि आपलीच जीभ चावावी असं तिला वाटलं.

२

गेन्झो अंगणात येऊन उभा राहिला. सदुसष्ट वर्षांचा, वाळलेल्या आल्यासारखा माणूस. त्रेचाळीस वर्षं त्यानं ही बाग सांभाळली होती. शेवाळावरून एकेक पान चिमटीनं उचलायचा आणि पाहुण्यांनी बागेची तारीफ केली की झाडामागे जायचा.

"बादली नेलीस?" बाईंनी विचारलं.

"नेली."

"आणि वाडगा?"

"वाडगा नाही नेला."

"खोक्यात बागेतला दगड आहे, गेन्झो."

"दिसतोय की."

"मग बोल ना काहीतरी!"

गेन्झोनं ओसरीवर बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पुन्हा स्वतःच्या पायांकडे नेली. "मी नेला नाही. याच्यापुढे मला काही बोलायचं नाही."

"बाई," फुमिए मध्ये पडली, "खोक्याची गाठ अगदी नीट बांधलेली होती. गेन्झो-सान कुठे बांधतात ती गाठ?"

"त्रेचाळीस वर्षं कुंपणाच्या गाठी मारणाऱ्याला एक खोका बांधता येणार नाही?" बाई म्हणाल्या. आवाज आता जमिनीला टेकला होता. "बारापर्यंत वाडगा सापडला नाही, तर फाटकाच्या किल्ल्या इथं ओसरीवर ठेवायच्या, गेन्झो. आणि परत यायचं नाही."

"आत्या..." रित्सुको म्हणाली.

"तू गप्प बस. आज तुला चहा करायचाय."

गेन्झोनं रित्सुकोकडे बघून मान हलवली आणि तो निघून गेला. त्याचा ताठ पाठीचा कणा बघून फुमिएला रडूही आलं आणि रागही. एवढा ताठा असतो का कुठे! दोन शब्द जास्त बोलला असता तर काय बाग वाळून गेली असती?

मग सगळे बाग धुंडाळायला गेले. बाई तळ्याच्या बाजूला, मोचिझुकी कोठाराकडे, रित्सुको बांबूंमध्ये, फुमिए कॅमेलियाच्या झाडांकडे. दगडी दिव्यांच्या पोटात हात घातले, हात धुण्याच्या कुंडात पाहिलं, झुडपं वर केली. मेजवानीच्या दिवशी काही वाटांवर काळ्या काथ्यानं चौफुली बांधलेला मुठीएवढा दगड ठेवलेला असतो. वाट बंद, मागे फिरा, एवढंच त्याचं म्हणणं. तो दिसला की जो तो मागे फिरत होता. फुमिएही फिरली.

अर्ध्या तासात चौघं रिकाम्या हातांनी ओसरीवर परतले.

"सगळी बाग पाहिली," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. यात काही खोटं आहे असं फुमिएला तरी वाटलं नाही.

३

फुमिए हिशेब लावत बसली. गेन्झोनं नऊला पायवाटांवर पाणी मारायला घेतलं. सव्वानऊला तो रिकामी बादली घेऊन तिच्या स्वयंपाकघराच्या दारात आला आणि बाईंची हाक येईपर्यंत भातात घालायचे चेस्टनट सोलत बसला होता. नेहमीसारखी डाव्या हातात सुरी. सालही उलट्या बाजूनं गुंडाळत जायची. ती चेष्टा करायची, "गेन्झो-सान, तुमचे चेस्टनट आरशातले दिसतात."

म्हणजे सव्वानऊनंतर तो तिच्यासमोर होता. पण साडेआठ ते सव्वानऊ? तेव्हा तो बागेत एकटाच होता. बाईंनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं.

ती आधी मोचिझुकींकडे गेली.

"सव्वानऊनंतर कुठे होता हो तुम्ही?"

"मी? कोठारापाशी. छपराच्या कौलांचं बघत होतो."

"कौलं खालून बघायची असतात. तुम्ही मागच्या भिंतीला तोंड करून का उभे होता?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? बाहीला वास येतोय."

व्यापाऱ्याचा चेहरा बीटासारखा झाला. चहाच्या मेजवानीला यायचं, सुगंधी काडी आणि कोवळ्या चहाचा वास घ्यायला बसायचं, आणि त्याआधी कोठारामागे सिगारेट! बाईंना कळलं असतं तर पुढच्या जन्मीही आमंत्रण मिळालं नसतं.

"दोनच ओढल्या," ते कुजबुजले. "फुमिए-सान, कुणाला बोलू नका. थोटकं रुमालात बांधून ठेवलीत, बघा हवी तर."

तिनं पाहिली. दोन होती, आणि रुमालात दुसरं काही मावलं नसतं.

मग ती रित्सुकोच्या खोलीत गेली. पोरगी आरशासमोर बसून कमरेचा पट्टा बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. पोरगी म्हणजे चौतिशीची बाई. पण फुमिएनं तिला आठ वर्षांची असल्यापासून पाहिलेलं. आई गेल्यावर ती इथे आली तेव्हा दिवसच्या दिवस गेन्झोच्या अवजारांच्या खोपटात बसून असायची. आत्याच्या आवाजापेक्षा तिथे बरं वाटायचं तिला.

"सव्वानऊला कुठे होतीस गं?"

"इथेच. कपडे करत होते."

"गेन्झो-सान जाणार आता."

रित्सुकोचे हात थांबले. "ते काहीच का बोलत नाहीत?" तिनं विचारलं. हे तिनं फुमिएला विचारलं नसावं.

खोपटात गेन्झो आपल्या कात्र्या तेलाच्या फडक्यात गुंडाळत होता. एकेक.

"सामान बांधताय?"

"धार लावून ठेवतोय. पुढच्या माणसाला गंजलेल्या द्यायच्या का?"

"तुम्हाला काहीतरी माहिती आहे."

"मला शेवाळातलं माहिती आहे. बाकी तुमच्या घरातलं तुम्ही बघा."

"त्रेचाळीस वर्षं, गेन्झो-सान!"

"मोजत नाही मी," तो म्हणाला. पण हातातली कात्री त्याला फडक्यात धड गुंडाळता येईना.

अकरा वाजले होते.

४

काहीही झालं तरी चहाघरात फूल लागणार होतं. फुमिए कॅमेलियाची अर्धी उमललेली कळी आणायला निघाली. बाग आज जशी दिसत होती तशी तिनं गेल्या कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मेपलखाली लाल पानं पडलेली, पण कुठे गर्दी नाही. पायवाटेचा एकेक दगड ओला, काळाभोर, आभाळ धरून बसलेला. हे सगळं ज्यानं केलं तो खोपटात कात्र्या गुंडाळत होता, आणि तासाभरात पाहुणे इथून चालत येऊन म्हणणार होते, वा.

कॅमेलियाच्या वळणावर काळ्या काथ्याचा दगड होता. ती मागे फिरली. दुसऱ्या झाडाकडे वळली, कळी कापली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली.

तिथेच तिचे पाय थबकले.

त्या दगडापलीकडची वाट चकाकत होती. ओली होती.

कळी पाण्यात टाकून ती परत निघाली, जवळजवळ पळत. या किमोनोत जेवढं पळता येतं तेवढं. फाटकाजवळच्या बांधलेल्या दगडापलीकडे वाट कोरडी. विहिरीजवळच्या पलीकडे कोरडी. बांबूंजवळ कोरडी, तळ्याकडे कोरडी. चार दगड, चार कोरड्या वाटा. साहजिकच होतं. जिथे कुणी जायचंच नाही तिथे गेन्झो पाणी कशाला घालेल?

पाचव्या दगडापलीकडे पाणी होतं.

तिनं दगड गाठीला धरून उचलला. खालची जागाही ओलीच.

आता पुढे जायला हवं होतं. पाय उचलेना. ती स्वतःवरच चिडली. पन्नाशी उलटलेली बाई, समोर मुठीएवढा दगड, तोही आता तिच्याच हातात. आणि तरी पाऊल पडेना! तीस वर्षांत एकदाही ती अशा दगडापलीकडे गेली नव्हती. बाई गेल्या नव्हत्या. मोचिझुकी चोरून सिगारेट ओढतील, पण याला ओलांडणार नाहीत. चौघांनी सगळी बाग शोधली होती. जिथे जायचं असतं ती सगळी.

तिनं डोळे मिटले आणि पाऊल टाकलं.

वाट चढून विसाव्याच्या छपराखाली गेली. पाहुणे मधल्या सुटीत तळं बघायला येतात ती जागा. बाकाखाली, वाळक्या पाइनच्या काड्यांच्या गादीवर, पांढऱ्या सुती फडक्यात काहीतरी गोल होतं.

तिनं फडकं जरासं उघडलं, करड्या अंगावरचा एक ओघळ पाहिला आणि पुन्हा झाकलं. मग हातातल्या दगडाची गाठ नीट निरखली, आणि तिथेच बाकावर बसली.

तिला वाडगा सापडला होता. आता तो कुणी ठेवला हेही कळलं होतं, आणि ते कळलं नसतं तर बरं, असं तिला वाटत होतं.

५

दगड परत जागेवर ठेवून साडेअकराला फुमिएनं बाईंना, रित्सुकोला आणि मोचिझुकींना वळणावर बोलावून आणलं. गेन्झो बोलावूनही आला नाही. पण दहा हातांवर एका पाइनला आधाराची काठी बांधत उभा होता. त्या झाडाला आधाराची गरज नव्हती.

"पाणी बघा, बाई," फुमिए म्हणाली आणि दगडापलीकडे बोट दाखवलं.

बाईंनी पाहिलं. त्यांना फार सांगावं लागलं नाही. "बंद वाटेवर पाणी?"

"गेन्झो-सान पाणी मारत होते तेव्हा ही वाट उघडी होती; बंद करायची असती तर त्यांनी पाणीच घातलं नसतं. सव्वानऊला ते माझ्या दारात आले ते तुमची हाक येईपर्यंत चेस्टनट सोलत होते. सतरा सोलले, त्यांतले तीन खाल्ले. हा दगड त्यानंतर ठेवलाय. खालीही ओलंच आहे. वाडगा वरच्या छपराखाली आहे. सुखरूप आहे."

बाईंचा हात छातीशी गेला. मोचिझुकींनी मोठा श्वास सोडला.

"म्हणजे गेन्झो नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"नाही. पण त्यांना माहीत होतं, तुमच्या हाकेला येतानाच दगड दिसला असणार. या बागेत एक पान जास्त पडलं तरी त्यांना कळतं. एक अख्खा दगड जास्त आहे, हे कळणार नाही? आपण शोधत होतो तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी सुटले असते. नाही दाखवलं. का?" फुमिएनं दगड वळवला. "ही गाठ बघा. दोरीचं टोक डावीकडून वर आलंय. गेन्झो-सान डावखुरे, त्यांच्या सगळ्या गाठी अशाच. दुसऱ्या कुणाची गाठ अशी येणार नाही. फक्त..."

"फक्त त्यांच्याकडून शिकलेल्याची," रित्सुको म्हणाली.

ती पुढे आली.

"मी आठ वर्षांची होते. ते बांधायचे तसंच मी बांधायची. दुसरी पद्धत असते हे मला माहीतच नव्हतं. वाडगा मी लपवला, आत्या. खोका आज मीच उघडणार होते, म्हणून वजनाला दगड ठेवला. तुम्ही आधी उघडला नसता तर आतलं कुणाला दिसू दिलं नसतं. दुसऱ्या वाडग्यात चहा केला असता. पाहुणे वर जाऊ नयेत म्हणून हा दगड ठेवला. चार वाजता काकेही-सान खोका घेऊन गेले असते."

"दगड घेऊन?" मोचिझुकींच्या तोंडून निघालं.

"हो."

"आणि मग पेटी उघडल्यावर?"

"पुढचं ठरवलं नव्हतं."

कुणीतरी हसलं. पाइनच्या झाडाकडून आवाज आला होता.

"का?" बाईंनी विचारलं.

"तीनशे वर्षं तो वाडगा ओठांना लागलाय. माझ्यापाशी आला आणि काचेत जायचं त्याच्या नशिबी आलं. कारण काय, तर माझे हात. हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. मला नको होतं, की माझ्या हातून..." ती गेन्झोकडे वळली. "सकाळी मी बोलणार होते. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. का हलवलीत?"

"मग काय करू?" गेन्झो झाडामागून म्हणाला. "मी सदुसष्टचा, तू चौतीसची. या घरात कुणाचे दिवस जास्त उरलेत? आणि आज तुझा पहिला चहा होता."

"तो करून काय उपयोग होता? तुम्ही नसता तर!"

"ओरडू नकोस. पाहुणे येतील."

६

बाई एकट्याच वर गेल्या. दगडापाशी त्यांचंही पाऊल अडखळलं, हे फुमिएनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा फडकं उघडं होतं आणि वाडगा दोन्ही तळव्यांत. त्यांनी तो उजेडात फिरवला, काठ पाहिला, तळ पाहिला, आतून पाहिला.

"एक चरा नाही," त्या म्हणाल्या.

"वाट ओली, चढाची," फुमिए म्हणाली. "पायात मोजे, अंगात किमोनो, मनात चोर. खाली पाइनच्या काड्यांची गादीसुद्धा अंथरलीय पोरीनं. बाई, मी मागच्या खोलीतली, मला काय कळतंय. पण या हातांचा भरवसा नसेल तर आपल्या कुणाच्याच हातांचा नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत फुमिए इतकं लांब वाक्य त्यांच्यासमोर बोलली नव्हती.

मग हात्सुएबाईंनी वाडगा रित्सुकोकडे दिला, पाइनपाशी गेल्या, आणि ओल्या शेवाळाशेजारी, नव्या रेशमी किमोनोसह, गुडघे टेकून कपाळ खाली नेलं.

"गेन्झो-सान, मी चुकले."

त्रेचाळीस वर्षांत त्यांनी त्याच्या नावाला कधी आदराचं 'सान' लावलं नव्हतं. गेन्झो इतका घाबरला की त्याच्या हातातली काठी पडली.

"उठा, बाई, उठा! शेवाळ दबतंय!"

बाई उठल्या. हसू दाबायच्या प्रयत्नात त्यांची हनुवटी थरथरत होती. "हिला काय शिक्षा करू, तूच सांग."

"वर जाताना तिनं तीन ठिकाणी शेवाळ तुडवलंय. कडेनं चालली, ठसे दिसू नयेत म्हणून. मला दिसले. उद्या पहाटेपासून माझ्याबरोबर बसून लावायचं. हातानं. एकेक चिमूट." त्यानं पडलेली काठी उचलली. "आणि फाटकाचं कुलूप काढायला हवं. बारा वाजत आलेत."

त्यानं पाचवा दगड उचलला, खिशात टाकला आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवत निघाला.

त्या दिवशी रित्सुकोनं 'शिगुरे'मध्ये चहा केला. मागच्या खोलीतून फुमिएला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. पाणी पडल्याचा आवाज, चहा घुसळल्याचा आवाज आणि मग वाडगा चटईवर ठेवल्याचा, इतका हलका की तिला श्वास रोखून धरावा लागला. कुठेही थरथर नव्हती. मोचिझुकींनी घोट घेतला, तोही तिला ऐकू आला.

चार वाजता बाई काकेही-सानना स्वतः सोडायला आल्या. त्यांच्या हातात खोका नव्हता.

"माफ करा," त्या म्हणाल्या, "वाडगा येणार नाही. पुढच्या वर्षी त्याला काम आहे. त्याच्या पुढच्याही. माझी भाची बघेल."

काकेही-सान रागावतील असं वाटलं होतं. पण ते पायवाटेवर उभे होते, खाली बघत. उतरत्या उन्हात तळ्यापर्यंत गेलेला एकेक दगड, कडेचं शेवाळ, आणि त्यावर मोजकीच पानं.

"वाडगा राहू द्या," ते अखेर म्हणाले. "मला ही वाट नेता आली असती तर! केवढी जुनी असेल हो? तीनशे वर्षं?"

गेन्झो शेजारच्या झुडपामागे होता. एरवी तो मागे सरकला असता. आज बाहेर आला, टोपी काढली आणि ताठ उभा राहिला.

"जुनी कुठली?" तो म्हणाला. "रोज सकाळी नवी करतो."